शिकारीत हरवलं, शिकारीत सापडलं : वाचक विचारतात

ऑक्टोबर लागला की या सदराची टपाल एकदम वेगळ्याच वळणावर जाते. एरवी आईबाबांचा व्हिजिटर व्हिसा, बर्फातली गाडी, कढीपत्त्याचं झाड घरात कसं जगवायचं असली पत्रं, आणि फेझंट या तितरासारख्या मोठ्या पक्ष्याच्या शिकारीचा सीझन उघडला की मिनेसोटा, डकोटा, आयोवाकडचे आपले लोक बंदुका, कुत्री आणि चिखल घेऊन हजर. यंदा गंमत अशी की नेम चुकल्याचं एकही पत्र नाही, सगळी पत्रं काहीतरी विसरल्याची, हरवल्याची, नाहीतर दुसऱ्याचं सापडल्याची. म्हणून या वेळी सगळी एकत्रच घेते.

भारतातल्या वाचकांसाठी एक ओळ आधीच लिहून ठेवते, इथे जे लिहिलंय ते अमेरिकेतलं, लायसन्स काढून, ठरलेल्या सीझनमध्ये, ठरलेल्या संख्येतच पक्षी मारण्याबद्दल आहे. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तितर-लावे मारायला जाणं म्हणजे सरळ गुन्हा, तेव्हा हे वाचून कोणी आजोबांची बंदूक पुसायला घेऊ नका. (आजोबांच्या ट्रंकेबद्दलचं एक पत्र आहेच, खाली येईल.)

ताई, नमस्कार. आमची लॅब्रॅडॉर कुत्री, नाव चकली, गेल्या शनिवारी फेझंटच्या मागे उंच गवतात घुसली आणि बाहेर आली ती गळ्यात जीपीएस कॉलर नसतानाच. कॉलर कुठे आहे ते दाखवणाऱ्या हातातल्या यंत्रावर, हँडहेल्डवर, आता नुसतं प्रश्नचिन्ह दिसतंय. दोन तास शोधलं, अंधार झाला म्हणून परत आलो. हे म्हणतात सोडून दे, नवीन घेऊ. पण ती कॉलर काय स्वस्त असते का हो? — ब्रूकिंग्ज, साऊथ डकोटा

स्वस्त नसतेच, आणि सोडून देऊ नका, पण दोन तास चालत शोधलं असं लिहिलंय त्यावरून वाटतं की तुम्ही सगळा चाललेला रस्ता पुन्हा चाललात. बहुतेक सगळे तेच करतात. माझं मत विचाराल तर वस्तू चालता चालता फार क्वचित पडते, ती राहते ती थांबलेल्या जागी. तारेचं कुंपण ओलांडलं तिथे, पक्षी उचलायला वाकलात तिथे, कुत्र्याला पाणी पाजलं तिथे, आणि गाडीच्या टेलगेटवर, म्हणजे मागच्या फळीवर, तर सगळ्यात जास्त. कुत्र्याचंही तसंच, कॉलर निघते ती काटेरी तारेखालून सरपटताना किंवा जंगली प्लमच्या जाळीत डोकं घालून पक्षी ओढताना, मोकळ्या गवतात पळताना नाही.

तर आधी हँडहेल्ड हातात घ्या आणि कृपा करून त्यातलं काही डिलीट करू नका. प्रश्नचिन्हाचा अर्थ इतकाच की आत्ता सिग्नल येत नाहीये, शेवटची जागा आत आहेच, ती वेपॉइंट म्हणजे नकाशावरची खूण म्हणून सेव्ह करा. मग चकलीचा ट्रॅक मोठा करून बघा. जिथे रेघ सरळ पळत्येय तिथे बघायची गरजच नाही, जिथे रेघेचा गुंता झालाय, म्हणजे ती तिथे घुटमळली, उकरलं, अडकली, त्या दोन-तीन जागांवर खूण करा. तुमच्या स्वतःच्या फोनवर ऑनएक्स हे शिकाऱ्यांचं नकाशाचं ॲप चालू असेल तर तुमच्याही ट्रॅकवर असेच गुंते दिसतील, आणि दोन्ही गुंते जिथे एकावर एक येतात तिथून सुरुवात करा.

सिग्नलचं म्हणाल तर कंपनी नऊ मैल वगैरे लिहिते ते कॉलर कुत्र्याच्या मानेवर, अँटेना उभी आणि मधे काही आडवं नाही अशा वेळचं. आता ती ओल्या गवताच्या बुडाशी आडवी पडलीय, तेव्हा रेंज एकदम आक्रसते. हँडहेल्ड घेऊन उंचावर जा, रस्त्याच्या बांधावर किंवा पिकअपच्या मागे उभं राहा, अँटेना सरळ वर धरा आणि जरा थांबा, लगेच फिरू नका. मात्र शनिवारची गोष्ट असेल तर कॉलरची बॅटरी बहुधा संपलीच असणार, ती फुल चार्जवर साधारण एक-दीड दिवस जाते, म्हणून यापुढच्यांसाठी सांगते, हरवली त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी पहाटेच जायचं.

बॅटरी गेली असली तरी हरकत नाही, मग पक्षी शोधतो तसं शोधायचं. पडलेला फेझंट शोधताना जाणती माणसं काय करतात, जिथे पडला असं वाटतं तिथे स्वतःची ऑरेंज टोपी गवताच्या शेंड्यावर अडकवतात आणि तिच्याभोवती लहान गोल, मग मोठा गोल असं फिरतात. टोपी नसेल तर दहा पावलांत आपण कुठून निघालो ते विसरतो, डकोटाच्या गवतात सगळीकडे सारखंच दिसतं. तुम्हीही तेच करा, आणि नुसतं वरून बघत चालू नका, बुटाने गवत दोन्हीकडे सारून बुडाशी बघा, कारण ब्लूस्टेमसारखं गवत बर्फाने एकदा आडवं झालं की त्याच्या पोटात बूटसुद्धा लपतो. उन्हं कलती असताना गेलात तर बकलची कडी चमकते, भर दुपारी काही दिसत नाही.

जमीन कोणाची आहे त्याला फोन करून ठेवा. वसंतात ही गवतं जाळतात किंवा कापतात आणि मग कॉलरचं जे काय होईल ते होईल, पण ट्रॅक्टरवरच्या माणसाला माहीत असेल तर तो नजर ठेवतो. नवी घ्यायची वेळ आलीच तर तिच्यावर नाव आणि फोन नंबरची पितळी पट्टी रिव्हेट करून घ्या, आणि घालताना दोन बोटं जातील इतकीच सैल, चार नाही. यजमानांना माझा नमस्कार, आणि सांगा की "नवीन घेऊ" म्हणायच्या आधी एकदा टेलगेटच्या फटीत हात घालून बघा.

आम्ही सात जण दोन गाड्या घेऊन गेलो होतो. चौघे चालत आले, तिघे शेताच्या दुसऱ्या टोकाला ब्लॉकिंगला. चालणारे पोचले तेव्हा कळलं की तिथल्या गाडीची चावी मागच्या गाडीत राहिलीय, आणि मागच्या गाडीची चावी मात्र आमच्याच खिशात! सव्वा मैल परत चालावं लागलं. यावर काही उपाय? — आयोवा सिटी

हे इतक्या लोकांचं होतं की याला काही तरी नाव द्यायला हवं. रांगेने चालत फेझंट उठवायचे आणि पुढे उडून जाणाऱ्यांसाठी टोकाला माणसं उभी करायची, ही पद्धतच अशी आहे की गाड्या, माणसं आणि चाव्या तिन्ही वेगवेगळ्या टोकाला जातात. उपाय साधा आहे, चावी ड्रायव्हरकडे ठेवायचीच नाही. जी गाडी शेवटच्या टोकाला असणार तिची चावी ब्लॉकिंगवाल्या एकाच माणसाकडे, जो जागचा हलणार नाही, आणि कोणाकडे आहे ते निघायच्या आधी मोठ्याने बोलायचं, मान डोलवून नाही. चावी वेस्टच्या, म्हणजे शिकारीच्या बिनबाह्यांच्या जाकिटाच्या, आतल्या चेनच्या खिशात, एकटी. त्याच खिशात शेल्स (शॉटगनची काडतुसं), च्युइंगम आणि टिश्यू ठेवलेत तर हात घालताना चावी बाहेर येणारच.

बटणवाल्या गाड्यांची वेगळी तऱ्हा, चावी जवळ असताना गाडी सुरू झाली की मग चावीवाला उतरून गेला तरी इंजिन चालूच राहतं, तुम्ही दुसऱ्या टोकाला नेऊन बंद करता आणि मग ती परत सुरू होत नाही. आणि जुन्या सवयीने चाव्या टायरवर ठेवणाऱ्यांनो, बटणवाल्या गाडीची चावी, म्हणजे फॉब, टायरवर ठेवलात तर बऱ्याच गाड्यांची दारं हात लावताच उघडतात, आत बंदुका आहेत हे लक्षात असू द्या.

ताई, मी एच-वन-बीवर आहे. मागच्या आठवड्यात एका मित्राबरोबर शिकारीला गेलो, लायसन्स काढलं होतं. परत आल्यावर बघतो तर त्याची बंदूक आणि शेल्सचा एक डबा माझ्या डिकीत राहिलाय. तो म्हणतो राहू दे, पुढच्या महिन्यात घेतो. ठेवू का? — रॉचेस्टर, मिनेसोटा

बाळा, आज संध्याकाळीच नेऊन दे. हे पत्र मी मुद्दाम मोठं उत्तर द्यायला ठेवलंय कारण आपल्या लोकांपैकी निम्म्यांना हे ठाऊकच नसतं.

अमेरिकेचा फेडरल कायदा असं म्हणतो की नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाने बंदूक जवळ बाळगायची नाही, आणि नुसती बंदूकच नाही तर काडतूससुद्धा नाही. एच-वन, एल-वन, एफ-वन, सगळे त्यात येतात. याला जे अपवाद आहेत त्यातला आपल्या कामाचा एक, तुमच्याकडे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचं वैध शिकारीचं लायसन्स असलं पाहिजे. तू लायसन्स काढून गेलास म्हणजे त्या दिवशी तू बरोबर होतास. पण त्या अपवादाचा सगळा भार त्या एका कागदावर आहे. मिनेसोटाचं स्मॉल गेम लायसन्स मार्चच्या 1 तारखेपासून फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवसापर्यंत चालतं. समजा मित्र पुढच्या महिन्यात आलाच नाही, थंडी पडली, डिकीचा विषय डोक्यातून गेला, आणि मार्च उजाडला, तर काहीही न करता तू चुकीच्या बाजूला जाऊन बसलास. "माझी नाहीये, मित्राची आहे" हे तिथे चालत नाही, मालकी कोणाची हा प्रश्न नाही, ताब्यात कोणाच्या आहे हा प्रश्न आहे. आणि हा गुन्हा फेडरल, म्हणजे ग्रीन कार्डची रांग वगैरे सगळं त्याच्यापुढे गौण होतं.

तेव्हा तीन गोष्टी, बंदूक रिकामी आहे का ते बघून केसमध्ये घालून शेल्स वेगळ्या ठेवून मित्राच्या घरी पोचवायची, डिकीचं कार्पेट उचलून स्पेअर टायरच्या खाचेत घरंगळलेल्या शेल्स आहेत का ते बघायचं (असतात!), आणि लायसन्सचा फोटो फोनमध्ये, कागद पाकिटात, दोन्ही. लायसन्स घरी विसरून शिकारीला जाणं इतरांना दंडाचं प्रकरण, तुला त्याहून जड जाऊ शकतं. ग्रीन कार्डवाल्यांना ही व्हिसाची अट नाही. तुझ्या केसमध्ये आधीच काही गुंतागुंत असेल तर इमिग्रेशन वकिलाला एक मेल टाक, मी सदर लिहिते, वकिली करत नाही.

माझ्या वेस्टच्या खिशात मागच्या वर्षीच्या शेल्स सापडल्या, काही 12 गेजच्या, काही मुलीच्या 20 गेजच्या. वापरल्या तर चालतील ना? — फार्गो

दादा, शेल वर्षभरात खराब होत नाही, कोरडी राहिली असेल तर चालते. पण तुमच्या दोन वाक्यांत दोन वेगवेगळी संकटं आहेत.

पहिलं जिवाशी खेळणारं. गेज म्हणजे नळीच्या रुंदीचं माप, आकडा लहान तितकी नळी मोठी. 12 गेजच्या नळीचा आतला व्यास साधारण साडेअठरा मिलिमीटर, 20 गेजचा साडेपंधराच्या आसपास. म्हणजे 20 ची शेल 12 च्या बंदुकीत घातली की ती चेंबरमधून, म्हणजे शेल बसते त्या जागेतून, पुढे घसरते आणि तिच्या बुडाची कडा पुढे नळी निमुळती होते तिथे अडकून बसते. बंदूक चालवली, काही झालं नाही, उघडून बघितलं, चेंबर रिकामं दिसतंय, माणूस म्हणतो अरे घालायचीच राहिली की काय, आणि मागून 12 ची शेल घालून चाप ओढतो. नळी तिथेच फुटते, आणि तिथे आपला पुढचा हात असतो. हे टळावं म्हणूनच अमेरिकेत 20 गेजच्या शेल्स पिवळ्या रंगाच्या करतात आणि 12 च्या पिवळ्या करत नाहीत. पण थंडीत ग्लोव्ह घालून, पक्षी उडालेला असताना खिशात हात घातला तर रंग कोण बघतंय? म्हणून एका वेस्टमध्ये दोन गेज कधीच नाही. मुलीची वेस्ट वेगळी, तिच्या शेल्स तिच्याच खिशात, आणि "बाबा जरा धरा" म्हणून तिने दिल्या तर हातात धरा, खिशात टाकू नका. आता घरी जाऊन वेस्ट उलटी करा, सगळे खिसे, मागची पक्षी ठेवायची थैलीसुद्धा.

दुसरं संकट कायद्याचं. मागच्या वर्षीच्या त्या शेल्स शिशाच्या असतील तर बदकं, गीज मारताना त्या खिशात नुसत्या असणंही चालत नाही, 1991 पासून देशभर हा नियम आहे, कारण तळ्याच्या तळाशी पडलेलं शिसं बदकं खड्यांबरोबर गिळतात आणि विषबाधेने मरतात. आणि फेझंटवाल्यांना वाटतं आपला काय संबंध, तर संबंध असा की वॉटरफाऊल प्रॉडक्शन एरिया, म्हणजे पाणपक्ष्यांसाठी राखलेली जागा, अशा पाट्या लावलेल्या ज्या फेडरल जागा डकोटा-मिनेसोटात जागोजागी आहेत, तिथे फेझंट मारायलाही बिनशिशाच्याच शेल्स लागतात. (या जागा मुख्यतः डक स्टॅम्पच्या, म्हणजे बदकांच्या शिकारीसाठी लागणाऱ्या फेडरल तिकिटाच्या, पैशांतून घेतलेल्या, पहिली 1959 मध्ये साऊथ डकोटाच्या डे काउंटीत.) कॅलिफोर्नियात तर 1 जुलै 2019 पासून कुठल्याच शिकारीला शिसं चालत नाही. सकाळी शेतात शिशाच्या शेल्स, दुपारी त्या पाटीवाल्या फेडरल जागेत बिनशिशाच्या स्टीलच्या, असा बेत असेल तर शिशाचा डबा गाडीत राहिला पाहिजे, एकही शेल खिशात नको. गेम वॉर्डन, म्हणजे शिकारीचे नियम तपासणारा अधिकारी, खिसे रिकामे करायला लावतो.

छपाई पुसली गेली असेल आणि कळतच नसेल की स्टील आहे की शिसं, तर फ्रिजवरचं चुंबक घ्या आणि शेलच्या प्लास्टिकच्या भागाला लावा. बुडाच्या पितळी टोपणाला नाही, कारण ते पुष्कळदा आतून लोखंडी असतं आणि उगीच चिकटतं. प्लास्टिकला चिकटलं तर आत स्टील. नाही चिकटलं तर शिसं किंवा बिस्मथ, आणि बिस्मथ चालतं, पण तुम्हाला माहीत नसेल तर ती शेल शिसंच समजा आणि बाजूला ठेवा.

डिसेंबरात पुण्याला जायचंय. शिकारीला नेतो तीच बॅकपॅक मोठी आणि मजबूत आहे, तीच केबिन बॅग म्हणून नेऊ का? बायको नको म्हणते. — डेस मॉइन्स

वहिनी बरोबर म्हणतायत, त्यांचं ऐका. मी तर म्हणेन बॅग सोडाच, ते जॅकेटही नेऊ नका.

एक शेल अस्तराच्या शिवणीत जाऊन बसते आणि महिनोन्‌महिने कळत नाही. अमेरिकेतल्या विमानतळावर निघाली तर चौकशी आणि दंड. इथून सुटली आणि मुंबई किंवा पुण्याच्या विमानतळावर पुढच्या डोमेस्टिक फ्लाइटच्या स्कॅनमध्ये निघाली तर प्रकरण शस्त्र कायद्यात, 1959 च्या आर्म्स ॲक्टमध्ये जातं, कारण तिथे विनापरवाना जिवंत काडतूस जवळ असणं हाच गुन्हा आहे, बंदूक असायला लागत नाही. पोलीस स्टेशन, एफआयआर, फ्लाइट गेली, काडतूस तपासणीला लॅबमध्ये.

पुढे काय होतं तेही सांगते म्हणजे उगीच घाबरायला नको. सुप्रीम कोर्टाने 1972 च्या गुणवंतलाल खटल्यात म्हटलंय की ताबा हा जाणीवपूर्वक असला पाहिजे, आपल्याजवळ ती वस्तू आहे हे माणसाला माहीत असलं पाहिजे. याच आधारावर बॅगेत चुकून राहिलेल्या एकट्या काडतुसाच्या कितीतरी केसेस हायकोर्टांनी रद्द केल्यात. पण रद्द होईपर्यंत वकील, तारखा आणि तुमची परतीची सुट्टी यांचं जे होतं ते आधी डोळ्यांसमोर आणा. तीन आठवड्यांची रजा काढून माणूस शिवाजीनगर कोर्टाच्या पायऱ्या झिजवायला येत नाही, बाकरवडी खायला येतो.

दुसरी बॅग नसेलच तर तीच रिकामी करून उलटी करा, टॉर्च मारून आतली प्रत्येक शिवण बोटांनी चाचपा, अस्तराला कुठे भोक असेल तर त्यातून हात घालून तळ बघा. रिकामी वापरलेली शेलही काढा, ती गुन्हा नसेल पण स्कॅनरवरच्या माणसाला ते बॅग उघडेपर्यंत कळत नाही.

बदकांच्या शिकारीला गल्फच्या किनाऱ्याकडच्या दलदलीत गेलो होतो, चिखलात काठी रोवताना खाली काहीतरी लागलं, ओढलं तर अख्खी शॉटगन! गंजलेली. शेजारी दोन डिकॉय, म्हणजे खऱ्या बदकांना भुलवायला ठेवतात ती प्लास्टिकची बदकंही तरंगत होती. ठेवून घेता येईल का? — ह्यूस्टन

शॉटगन नाही. ती भरलेली आहे असंच धरा, तोंड माणसांकडे नको, आणि गंजलेला बोल्ट ओढून उघडायचा खटाटोप अजिबात करू नका, चिखलाने भरलेल्या नळीत शेल असेल तर ती कधी काय करेल सांगता येत नाही. जागेचा पिन टाका, फोटो काढा आणि गेम वॉर्डनला किंवा शेरिफच्या ऑफिसला फोन करा. त्यावर सिरियल नंबर असतो, चोरीची असू शकते, किंवा कोणा बिचाऱ्याची होडी उलटून गेलेली असू शकते, त्याला परत मिळाली तर तो तुम्हाला क्रॉफिश खायला घालेल.

डिकॉयचं वेगळं. सकाळी दहाच्या आत तरंगणारी डिकॉय हरवलेली असतीलच असं नाही, कोणीतरी मांडून गवतात बसलेला असेल आणि तुम्हाला मनातल्या मनात शिव्या घालत असेल. दुपारनंतर, दोर तुटलेली, एकटीच काठाला लागलेली असतील तर पोटाखाली बघा, लोक मार्करने नाव-फोन लिहितात. तुम्हीही लिहा.

आणि हो, स्वतःचीच बंदूक पाण्यात पडली तर काढल्यावर आधी शेल्स बाहेर, मग नळीत माती-गवत नाही ना ते मागच्या बाजूने बघून खात्री, मगच पुढचं. किनाऱ्याचं पाणी खारं, त्याच रात्री गोड्या पाण्याने धुऊन, सुकवून तेल लावलं नाहीत तर सकाळी गंजाचा पहिला थर तयार.

पंपगनचा प्लग साफसफाई करताना काढला होता, कुठे ठेवला आठवत नाही. पेन्सिल कापून घातली तर? — मॅडिसन

भावा, प्लगचं काम इतकंच की स्थलांतरित पक्ष्यांच्या शिकारीत बंदुकीत एकूण तीनच शेल्स मावाव्यात, आणि फेडरल नियमात असं आहे की तो एकसंध तुकडा असावा आणि बंदूक खोलल्याशिवाय निघू नये. लाकडी डॉवेल बरोबर लांबीचा कापून घातला तर चालतो, पेन्सिल मोडते. घातल्यावर स्वतः शेल्स भरून बघ, चौथी आत जायला नको. आणि आता बदकांचाच विषय निघालाय तर डक स्टॅम्पचंही बघ, कागदी असेल तर त्यावर शाईने सही लागते, सही नसलेला स्टॅम्प म्हणजे स्टॅम्प नाहीच. 25 डॉलरचा ई-स्टॅम्प घेतलास तर तो आता सगळा सीझन चालतो, 2023 च्या कायद्यानंतर कागदी येण्याची वाट बघावी लागत नाही. हरवायला एक वस्तू कमी.

माडीवर आजोबांची लोखंडी ट्रंक उघडली. आत चामड्याचा काडतुसांचा पट्टा, शिट्टी, एक जुना थर्मास आणि बारा बोअरची वीसेक काडतुसं, काही कागदी, फुगलेली. बंदूक फार पूर्वीच जमा केली असं वडील सांगतात. आता या काडतुसांचं काय करावं, नदीत टाकू का? — सातारा जिल्हा

नदीत नको, चुलीत तर मुळीच नको, आणि आतली दारू बघायला फोडूही नका. जुनी कागदी काडतुसं ओल लागून फुगतात, पण फुगली म्हणजे मेली असं नाही. काही काडतुसांच्या बुडावर केएफ असं लिहिलेलं असेल तर ती खडकीच्या दारूगोळा कारखान्यातली.

लायसन्सधारक गेल्यावर किंवा लायसन्स संपल्यावर शस्त्र किंवा काडतूस घरात राहिलं तर ते विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं असं शस्त्र कायद्याच्या 21 व्या कलमात आहे. म्हणून ती उचलून एसटीतून न्यायच्या भानगडीत पडू नका, ट्रंक आहे तशी ठेवा, पोलीस ठाण्यात फोन करून कळवा, साधा अर्ज लिहा, कधी आणि कुठे सापडली, बंदूक कधी जमा केली, जुनी लायसन्सची वही सापडली तर तिची झेरॉक्स जोडा, आणि जमा केल्याची पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय सोडू नका. पट्टा, शिट्टी, थर्मास तुमचाच, तो खुशाल ठेवा, पट्ट्याला खोबरेल नको, चामड्याचं पॉलिश लावा. ट्रंकेत शिंगं, कातडं असलं काही असेल तर मात्र तो वन विभागाचा विषय, 2022 च्या दुरुस्तीनंतर असल्या वस्तू स्वखुशीने मुख्य वन्यजीव रक्षकांकडे देता येतात.

मी शिकार वगैरे करत नाही, फक्त दुर्बीण घेऊन फिरते. उजनीच्या काठाला चिखलात एक छोटीशी धातूची अंगठी सापडली, तिच्यावर इंग्रजीत आकडे आहेत. पक्ष्याची असेल का? — भिगवण

असणारच! त्यावर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा अशा अर्थाचं काही कोरलेलं आहे का ते बघा, भिंगाखाली दिसेल. असेल तर ती त्यांनी घातलेली, नसेल तर सायबेरिया-मध्य आशियाकडच्या कुठल्या तरी देशातून आलेली असू शकते. मातीतून काढून नुसत्या पाण्याने धुवा, घासू नका, आकडे आधीच झिजलेले असतात. सगळ्या बाजूंनी फोटो, जागेचा पिन, तारीख, आणि आसपास पिसं-हाडं होती का ते लिहून सोसायटीच्या मुंबईच्या पत्त्यावर किंवा ईमेलवर पाठवा. दुसऱ्या देशाची अंगठी असली तरी त्यांनाच कळवा, पुढचा पत्रव्यवहार ते करतात.

अमेरिकेतल्या शिकारी मंडळींनाही हेच, बदकाच्या पायात अंगठी निघाली तर रिपोर्टबँड डॉट गव्ह या साइटवर नंबर भरा. 1920 पासून तिथली बर्ड बँडिंग लॅब हे हिशेब ठेवते, पक्ष्याला अंगठी कधी आणि कुठे घातली होती त्याचं सर्टिफिकेट येतं, आणि अंगठी तुम्हाला ठेवता येते. पुष्कळ जण ती मानेत दोरीला लावून मिरवतात आणि नंबर कळवायचाच राहतो, तसं करू नका, कळवायला पाच मिनिटं लागतात.

पुढच्या महिन्याच्या अंकासाठी पत्रं पंधरा तारखेपर्यंत पाठवा. फार्गोच्या दादांनी वेस्ट उलटी केल्यावर काय काय निघालं तेही कळवा.